अकरा नंबरची नळी

आमच्या कामाला नाक चांगलं लागतं. काचेच्या बशीत वाढवलेले जंतू हुंगू नयेत, असं मी प्रयोगशाळेत आलेल्या प्रत्येक नव्या मुलीला पहिल्याच दिवशी बजावायचे, आणि स्वतः मात्र इनक्युबेटरचं दार उघडल्याबरोबर आत काय वाढलंय ते वासावरून सांगायचे. एका जंतूला द्राक्षांसारखा गोडसर वास येतो, एकाला कुजक्या मासळीचा, यीस्टला ताज्या पावाचा. बिबवेवाडीतल्या एका लहानशा खासगी तपासणी प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं असा वास घेत काढली आणि यंदा निवृत्त झाले.

आमच्याकडे हॉटेलांच्या टाक्यांमधलं पाणी यायचं, डेअऱ्यांचा खवा यायचा, दवाखान्यांमधून शस्त्रक्रियेच्या खोल्यांचे नमुने यायचे. गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एक श्रीखंडवाले दर गुढीपाडव्याच्या आधी यायचे आणि 'दह्यात एकही जंतू नाही' असं लिहून मागायचे. मी म्हणायचे, "अहो, जंतू नसतील तर ते दही नाही, दूध आहे." त्यावर ते म्हणायचे, "मग चांगले जंतू आहेत असं लिहा. स्वभावाने चांगले." पंधरा वर्षं ते येत होते आणि पंधरा वर्षं आमचं हेच बोलणं होत होतं. असे किस्से पुष्कळ आहेत, आणि ते सांगून मला हा लेख हसतखेळत संपवता आला असता. पण गेल्या दोन वर्षांत जे झालं ते लिहिल्याशिवाय बाकीचं लिहावंसं वाटत नाही. आणि ते मला अजून पुरतं कळलेलंही नाही, हे आधीच सांगून ठेवते.

झालं असं की दवाखान्यांना आता नुसतं जंतूचं नाव पुरेना. हा जंतू आणि तो जंतू एकच का, हा त्याच्यापासून आला का, असं ते विचारायला लागले. त्यासाठी जंतूचा डीएनए अक्षर न् अक्षर वाचावा लागतो. हे वाचायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. आम्ही जंतू वाढवून बाहेर पाठवायचो आणि तिकडून कॉम्प्युटरच्या फाइली यायच्या. फाइलीत चार अक्षरं, लाखो वेळा, कुठेही पूर्णविराम नसलेली.

दोन जंतू एकमेकांचे कोण, हे कसं कळतं ते शाळेत शिकवलेल्या कुणालाही सांगता येईल. दोन मुलांच्या वह्यांमध्ये एकाच ठिकाणी एकच विचित्र चूक असली, की एकाने दुसऱ्याची वही उतरवलीय हे बाईंना कळतं. जंतूही पिढ्यानपिढ्या आपली वही उतरवत असतात आणि उतरवताना क्वचित एखादं अक्षर चुकतात. दोन वह्यांमध्ये दोनचार अक्षरांचाच फरक असेल तर ते अगदी जवळचे. हजारो अक्षरांचा असेल तर नाव एक असलं तरी गाव वेगळं. ही मोजदाद हाताने करणं अशक्य, म्हणून ती कॉम्प्युटरकडून करून घ्यायची. या शास्त्राला मराठीत जैवमाहितीशास्त्र म्हणतात, असं मला एका पत्रिकेवरून कळलं. प्रत्यक्षात तो शब्द उच्चारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

बाहेरून असा अहवाल करून यायला तीन-तीन आठवडे लागायचे, तोवर दवाखान्यात जे व्हायचं ते होऊन जायचं. म्हणून ठरवलं की आपणच शिकायचं. वय सत्तावन्न. घरी, म्हणजे नारायण पेठेत, आमच्या ह्यांना सांगितलं तर ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "शिका. मोबाइलवर फोटो पाठवायला शिकलात तेव्हा फक्त दोन शेजारी दुरावले."

वाघोलीच्या एका कॉलेजात शनिवार-रविवारचा वर्ग होता. नगर रस्त्यावरून तिथे पोचेपर्यंत निम्मा उत्साह संपायचा. शिकवायला वानखेडे. मूळचे यवतमाळकडचे, चाळिशीच्या आतबाहेरचे, बारा वर्षं सॉफ्टवेअर कंपनीत काढून या विषयाकडे वळलेले. जंतू त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता आणि मी काळा स्क्रीन कधी पाहिला नव्हता. या विषयाचा काळा स्क्रीन म्हणजे माऊस नाही, चित्रं नाहीत, नुसता एक लुकलुकणारा ठिपका. आपण काहीतरी लिहायचं आणि वाट बघायची.

"मॅडम, एंटर दाबा," वानखेडे म्हणाले.

मी दाबलं. "काही झालं नाही."

"झालं ना."

"काय झालं?"

"तुम्ही सांगितलं ते झालं. काही बोलला नाही म्हणजे झालं."

न बोलणं म्हणजे होकार असं धरून चालायची सवय मला लग्नानंतर लागली होती, पण यंत्राकडूनही तीच वागणूक मिळेल असं वाटलं नव्हतं. पुढे मी 'बेबी वॉर्ड' नावाचं फोल्डर केलं आणि ते उघडायला सांगितलं, तर उत्तर आलं की बेबी नावाचं काही नाही. त्याखाली दुसरं उत्तर, की वॉर्ड नावाचंही काही नाही. दोन शब्दांच्या मध्ये जागा सोडली की त्याला त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. "नावात जागा नका सोडू मॅडम," वानखेडे म्हणाले. पुण्यात इतकी वर्षं राहून जागा सोडायची सवय मला लागलीच कशी, कोण जाणे.

एकदा एक फाइल चुकून उडवली आणि ती कुठे गेली असेल ते विचारलं.

"कुठेच नाही गेली."

"म्हणजे आहे?"

"नाही मॅडम. गेली."

आमच्याकडे एक बशी टाकायची तर आधी दाबाच्या वाफेत पंधरा मिनिटं ठेवावी लागते, वहीत नोंद करावी लागते, खाली सही लागते. इथे दोन अक्षरं टाइप केली की सगळं संपलं, आणि तो ठिपका आपला लुकलुकतोय.

पण मला खरं गोंधळात टाकलं ते वेगळ्याच गोष्टीने. प्रयोगशाळेत चूक झाली की ती दिसते. बशीवर बुरशी येते, रंग बदलायचा तो बदलत नाही, झाकण काढलं की भपकारा येतो. इथे बरोबर उत्तर आणि चुकीचं उत्तर यांचा चेहरा एकच. मी एकदा मुद्दाम सांडपाण्यातल्या जंतूची फाइल दह्यातल्या जंतूच्या नावाने दिली. त्याने काही कुरकुर न करता नीट आकडे काढून दिले.

"हे चूक आहे हे याला कळत नाही का हो?"

"त्याला कसं कळेल? ते आपल्याला कळायला पाहिजे," वानखेडे म्हणाले.

हे मी वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. लिहून घेतलेलं सगळं कळतंच असं नाही. वर्गातली बाकीची मुलं पंचविशीतली, त्यांची बोटं पळायची. मी मात्र प्रत्येक आज्ञा वहीतून बघून एकेक अक्षर टाइप करायचे, बरोबर आलं की ते का आलं ते कळायचं नाही, आणि चुकलं तर तेही कळायचं नाही. घरी येताना डोक्यात नुसता गलका. तरी सहा महिन्यांनी मला प्रमाणपत्र मिळालं, आणि मी ते प्रयोगशाळेत माझ्या टेबलामागे लावलं. मला अभिमान वाटला होता, हे कबूल केलं पाहिजे.

त्यानंतरच्या हिवाळ्यात शहरातल्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यातून फोन आला. त्यांच्या नवजात बाळांच्या विभागात एकापाठोपाठ चार बाळं तापाने आजारी पडली होती. दूध ओढत नव्हती, सलाइनवर होती. चौघांच्याही रक्तात एकच जंतू सापडला होता आणि तो एकाच घराण्यातला आहे हे बाहेरून आलेल्या अहवालात स्पष्ट होतं. आता प्रश्न एवढाच की तो विभागात आला कुठून. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मॅडम, तीन आठवडे थांबायला मला वेळ नाही."

मी म्हटलं, "थांबायची गरज नाही. मोजदाद आता आम्ही इथेच करतो."

मी स्वतः नमुने घ्यायला गेले. वजनकाटा, बाळांना ऊब द्यायचं यंत्र, बाटल्या उकळायचं भांडं, हात धुवायचं बेसिन आणि त्याचं भोक, आणि तिथे काम करणाऱ्या सगळ्यांचे हात. सुमनमावशी तिथे मला पहिल्यांदा भेटल्या. एकोणीस वर्षं त्या विभागात आया होत्या. बाळांना अंघोळ घालणं, पुसून गुंडाळून आईकडे नेणं हे त्यांचं काम. रुंद, कामाचे हात. मी ओला बोळा त्यांच्या तळव्यांवरून आणि बोटांच्या बेचक्यांमधून फिरवला.

"भविष्य बघताय व्हय म्याडम?" त्या म्हणाल्या.

"दोन दिवसांनी सांगते काय निघालं ते."

"चांगलंच निघंल की. ह्या हातांनी किती पोरं न्हायली, मोजली न्हाईत."

चाळीसेक बोळे झाले. त्यांपैकी बारांमध्ये त्या नावाचा जंतू वाढला. तो मातीत असतो, पाण्यात असतो, माणसांच्या पोटातही असतो, त्यामुळे यात नवल काही नव्हतं. आता या बारांमधला बाळांच्या जंतूचा सख्खा कोण, एवढंच शोधायचं होतं. मी बारा नळ्यांवर मार्करने एक ते बारा आकडे घातले. माझ्या नोंदवहीत आठ नंबरला बेसिनचं भोक होतं आणि अकरा नंबरला सुमनमावशींचे हात. नळ्या वाचायला बाहेर गेल्या, चार दिवसांत फाइली आल्या, आणि फाइलींना तेच आकडे होते.

वानखेड्यांना विचारावं असं मनात आलं होतं. विचारलं नाही. सगळ्या मुलींना बाहेर पाठवून, दार लोटून, वही उघडून मी स्वतः बसले. एकेक आज्ञा टाइप केली. दुपारपर्यंत तीनदा काहीतरी अडलं, दोनदा तो काहीच बोलला नाही म्हणजे झालं असं मी धरलं, आणि चारच्या सुमाराला बारा ओळींचा तक्ता समोर आला. प्रत्येक ओळीत फाइलीचं नाव आणि पुढे बाळांच्या जंतूशी किती अक्षरांचा फरक आहे तो आकडा. अकरा ओळींमध्ये हजारोंनी फरक. एका ओळीत तीन. मी खुर्चीत मागे टेकले. इतकं स्वच्छ उत्तर मला उभ्या नोकरीत कुठल्या बशीने दिलं नव्हतं.

फाइलींची नावं मात्र दिसायला वाईट होती. प्रत्येक नावाला डावीकडे ती फाइल कॉम्प्युटरात कुठे ठेवलीय त्याचा पुरा पत्ता चिकटलेला, गल्लीबोळांसकट, आणि आकडा त्या रांगेत कुठेतरी शेवटी. डॉक्टरीणबाईंना असला तक्ता देणं बरं दिसेना. मी तो नावांचा रकाना काढून टाकला आणि माझ्या नोंदवहीतली सुवाच्य यादी, एक ते बारा, त्या जागी लावली. आता तक्ता छान दिसायला लागला. तीन फरकांची ओळ होती अकरावी. तिच्यापुढे आलं, 'आया, दोन्ही हात'.

मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त हुरूप आला होता. फोन केला.

"नक्की ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नक्की. फक्त तीन अक्षरांचा फरक आहे. कॉम्प्युटरने काढलंय."

हातावर जंतू सापडणं हा काही गुन्हा नव्हे. हातावर तो कुठूनही येतो, आणि कुठून आला हे शोधणं हेच खरं काम असतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. अहवालात त्या अर्थाची एक ओळ लिहायला हवी होती. ती मी लिहिली नाही, कारण तक्ता इतका नीटनेटका झाला होता की त्याखाली आणखी काही लिहावंसं वाटलं नाही.

त्याच आठवड्यात सुमनमावशींना घरी बसवलं. मला ते आठ दिवसांनी कळलं, तेही सहज बोलताना. डॉक्टरीणबाईंनी त्यांना रागावलं वगैरे नव्हतं. अहवाल समोर ठेवला आणि पुन्हा बोलावेपर्यंत येऊ नका, एवढंच सांगितलं. आजारी चारही बाळं हळूहळू बरी झाली, नवीन कुणी आजारी पडलं नाही, आणि सगळ्यांना वाटलं की दुखणं गेलं. मलाही वाटलं. मी वाघोलीच्या वर्गात जाऊन पंचविशीतल्या मुलांसमोर पंधरा मिनिटं बोलूनसुद्धा आले, 'एका प्रयोगशाळेचा अनुभव' म्हणून.

पाच आठवड्यांनी पाचवं बाळ आजारी पडलं. मावशी तर दवाखान्यात नव्हत्या. ते बाळ वाचलं, हे इथेच सांगून टाकते, नाहीतर पुढचं माझ्याने लिहवणार नाही. पण चार दिवस त्याला श्वासाच्या यंत्रावर ठेवलं होतं, आणि ते चार दिवस मी ज्या तोंडाने 'नक्की' म्हटलं ते तोंड घेऊन हिंडत होते.

माझं डोकं चालेना. जंतू तोच असेल तर तो आला कुठून? मावशींच्या हातांवरून आणखी कुणाच्या हातावर गेला असेल का? की बाहेरच्या लोकांनी नळ्या उलटसुलट केल्या? की मीच बोळे फिरवताना काही घोळ घातला? स्क्रीनवर तो तक्ता दहा वेळा उघडून पाहिला. दर वेळी तो तसाच, तितकाच नीटनेटका. शेवटी मी कॉम्प्युटर बंद केला आणि फ्रीज उघडला. इतके दिवस मला जे सुचलं नव्हतं ते हातांनी आपोआप केलं. राखून ठेवलेले बाराही जंतू पुन्हा बशांवर लावले, शेजारी दवाखान्यातून आलेला बाळांचाही लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इनक्युबेटर उघडलं. बाळांचा जंतू गुलाबी, टपोरा आणि चिकट होता. काही जंतूंना असा लठ्ठ चिकट थर असतो. तारेच्या कडीने त्याला स्पर्श करून कडी वर उचलली की एकतारी पाकासारखी तार निघते. अशी तार सगळ्यांची निघत नाही. बाळांच्या जंतूची बोटभर निघाली. मग मी अकरा नंबरची बशी घेतली, मावशींची. कडी लावली, उचलली. तार नाही. दुसरीकडे लावली. तार नाही. मग एकेक करत बाराही बशा पाहिल्या. तार फक्त एका बशीची निघाली, आठ नंबरच्या. बेसिनचं भोक.

मी स्टुलावर बसले. प्रमाणपत्र डोळ्यांसमोरच होतं. हात सांगत होते एक आणि यंत्र सांगत होतं दुसरं, आणि दोघांपैकी खोटं कोण ते मला कळत नव्हतं. वानखेड्यांना फोन केला. ते वाघोलीहून बिबवेवाडीला दीड तासात आले, त्या रस्त्याने ही मोठीच गोष्ट. त्यांनी तक्ता पाहिला.

"मॅडम, ही नावं यानेच दिली का?"

"नाही. मी लावली, वहीतून."

"आणि त्याने दिलेली?"

"काढून टाकली. बरी दिसत नव्हती."

वानखेडे काही बोलले नाहीत. या वेळी काही न बोलण्याचा अर्थ मला बरोबर कळला. त्यांनी माझ्याच फाइली पुन्हा चालवल्या आणि नावांचा रकाना न काढता स्क्रीन माझ्याकडे वळवला. मी वरून खाली वाचत गेले. एक. त्याखाली दहा. मग अकरा. मग बारा. मग दोन, तीन, चार.

"बारानंतर दोन?" मी म्हटलं.

"तो याला आकडा नाही समजत मॅडम. अक्षर समजते. शब्दकोशात नाही का, आधी 'का', मग 'काकडी', मग 'काकवी', हे सगळं संपल्यावर मग 'कि' येते? तसं एकने सुरू होणारे सगळे आधी. मग दोनवाले."

म्हणजे त्या तक्त्यातली अकरावी ओळ आठ नंबरच्या नळीची होती. मी तिच्यापुढे अकरा नंबरचं नाव लावलं होतं. पहिली ओळ सोडली तर बाकी सगळीच नावं चुकीच्या जागी होती, आणि त्यातलं एकही ओरडलं नव्हतं. एकतीस वर्षं मी नळ्यांवर एक, दोन, तीन असंच लिहीत आले. एकाआधी शून्य लिहायचं असतं, शून्य एक, शून्य दोन, म्हणजे ही रांग बिघडत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

"चूक माझीपण आहे," वानखेडे म्हणाले. "हे पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं. आम्हाला वाटून राहते की हे सगळ्यांना माहीत असते." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं पण?" मी त्यांच्या हातात तारेची कडी दिली आणि आठ नंबरची बशी पुढे केली. त्यांनी भीत भीत ती लावली आणि उचलली. तार निघाली. ते कितीतरी वेळ त्या तारेकडे बघत होते.

दुसरा अहवाल मी हाताने लिहिला आणि स्वतः घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला. बेसिन त्याच दिवशी काढलं. त्याखालचा वाकडा पाइप उघडला तर आत बोटभर जाड, गुलाबीसर चिकट थर होता. मावशींना निरोप पाठवते, असं त्या म्हणाल्या. "पण कारण कशाला सांगत बसायचं? परत या म्हटलं की येतील." मी म्हटलं, कारण मी सांगते. घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. टोमणा येईल म्हणून वाट पाहिली. आला नाही. "फोन करू नका," एवढंच म्हणाले. "जाऊन या."

वाघोलीच्या पुढे, आता महापालिकेत आलेल्या एका गावात मावशींचं घर. तिन्ही बाजूंनी नवे टॉवर आणि मध्ये त्यांच्या वाटणीला आलेलं बैठं घर. दारात त्याच होत्या. मला पाहून पदराने हात झाकले. आत पाळणा होता आणि पाळण्याशी त्यांची लेक, बाळंतीण.

"नातू का?" मी विचारलं.

"व्हय. सव्वा महिना झाला."

लेक म्हणाली, "आई त्याला हात लावत न्हाई. बारशालाबी लांबच उभी ऱ्हायली. शेजारच्या काकू येऊन न्हाऊ घालत्यात."

"गप ग," मावशी म्हणाल्या.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. त्या बाळांना ज्याने आजारी पाडलं तो जंतू बेसिनच्या भोकात होता, मावशींच्या हातांवर नव्हता. त्यांनी ऐकून घेतलं.

"मग कागदावर माझं नाव कसं आलं?"

मी सांगायचा प्रयत्न केला. नळ्यांचे आकडे, एकानंतर दहा, अकराव्या ओळीत आठवी नळी. बोलता बोलता मलाच ते कुणा दुसऱ्याचं वाटायला लागलं. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"म्हंजी मशीन चुकलं."

हो म्हटलं असतं तर खपलं असतं. मी तोंड उघडलंही होतं. "नाही," मी म्हटलं. "मशीनने बरोबर सांगितलं होतं. मी चुकले."

मावशी म्हणाल्या, "दवाखान्याचा निरोप आला हाय. जानार न्हाई." त्यात राग नव्हता, की मला ऐकू आला नाही, सांगता येत नाही. मग त्या मागच्या मोरीवर गेल्या. मला तिथून दिसत होतं. कोपरापर्यंत साबण लावून त्यांनी हात धुतले, पुन्हा लावला, पुन्हा धुतले. हात धुऊन धुऊन फुटले होते, बोटांच्या सांध्यांवर लाल भेगा पडल्या होत्या. सव्वा महिना त्या हेच करत होत्या, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मला रडू आलं आणि मी ते आवरलं, कारण तिथे रडायचा हक्क माझा नव्हता.

धुतलेल्या पंच्याला हात पुसत त्या पाळण्यापाशी आल्या आणि थांबल्या. पोरगं जागं होतं, हातपाय हलवत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"घिऊ का?"

"घ्या."

"तुमी म्हनताय म्हनून घेते," त्या म्हणाल्या. "मागं पन तुमीच म्हनला व्हता."

आणि त्यांनी वाकून नातवाला उचललं, छातीशी धरलं, आणि माझ्याकडे पाठ केली.